हललं ते नेमकं काय

४ फेब्रुवारी

प्रिय काका,

नमस्कार. काकूला सांगा, मी वेळेवर जेवते. तिचा पहिला प्रश्न तोच असणार.

गेल्या महिन्यात नदीपलीकडच्या शाळेच्या गच्चीवर काही माणसं चढली होती आणि तुम्ही ओट्यावरून दुर्बीण लावून त्यांच्यावर पहारा करत होतात, हे काकूकडून कळलं. काका, ती आमचीच माणसं. तुमच्या खात्याने आमच्या कंपनीला सात पूल दिलेत. प्रत्येक पुलासमोर एक कॅमेरा, तासाला एक फोटो, आणि पूल जरासा जरी हलला तरी ते फोटोंवरून ओळखायचं. कुठला पूल कोण घेणार, असं आमच्या बाईंनी विचारलं तेव्हा माझा हात आधी वर गेला, डोकं मागून चाललं. तुमचा पूल आता माझ्याकडे आहे. चौतीस वर्षं तुम्ही ज्याच्यावर हातोडी घेऊन ठोकत फिरलात, त्याच्यावर मी इथून, चारशे किलोमीटरवरून, खुर्चीत बसून नजर ठेवणार. हसू नका.

फोटोवरून कळतं कसं, ते सांगते. पुठ्ठ्याला नखाएवढं भोक पाडा आणि एक डोळा मिटून त्यातून बघा. कोऱ्या भिंतीवर भोक कुठेही सरकवा, दिसतं ते तेच. छपराच्या कडेवर धरून कडेकडेने सरकवा, तरी तेच. पण खिडकीच्या कोपऱ्यावर धरलंत, तर कुठल्याही बाजूला तसूभर सरका, चित्र बदलतं. म्हणजे ती जागा एकदा बघितली की पुन्हा ओळखू येते, दुसरीशी गल्लत होत नाही. आमचा प्रोग्राम फोटोत असे हजारो कोपरे शोधतो, प्रत्येकावर ठिपका ठेवतो आणि दुसऱ्या दिवशीच्या फोटोत तेच ठिपके हुडकतो. कॅमेरा वाऱ्याने थोडा डुलतोच. म्हणून जास्तीत जास्त ठिपके एकमेकांवर बसतील असे दोन्ही फोटो आधी जुळवून घ्यायचे. त्यानंतरही जे बसत नाहीत, ते हलले.

पुलाबद्दल मला माहीत असावं असं काही असेल तर कळवा. लहानपणी तुमच्या घरी राहून मी त्याच्यावरून शाळेत जायचे, एवढीच माझी माहिती, आणि ती इथे कोणी धरत नाही.

तुमची,
भिंगरी


९ फेब्रुवारी

भिंगरीस,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहून झिजवत नाही.

पुठ्ठ्याला भोक पाडलं. अर्धा दिवस ते डोळ्याला लावून घरभर फिरलो. काकूने आधी दुर्लक्ष केलं, मग विचारलं, "काही हरवलंय का?" मी म्हटलं, "कोपरे शोधतोय." तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

तुझं म्हणणं पटलं. पण तेच भोक मी पुलावर धरलं, तर पूल म्हणजे कडाच कडा. कठडा सरळ, खांब सरळ, आणि मागच्या वर्षी सगळ्याला गुळगुळीत गिलावा करून वर रंग दिलाय. कोपरे असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तुझा प्रोग्राम त्याला पकडणार कुठे?

माझं तुला माहीतच आहे. नोकरी सुटून नऊ वर्षं झाली, सवय सुटली नाही. दर एक तारखेला ओट्यावर पातळीयंत्र लावतो. जोत्यावर छिन्नीने कोरलेली खूण आहे, यंत्राची उंची तिच्यावरून धरतो. आपलं घर आळीत सगळ्यात खालचं, बरोबर पुलाच्या उंचीला. यंत्रातली आडवी रेघ मधल्या खांबाच्या डोक्यावर रंगवलेल्या पट्टीवर जिथे पडते, तो आकडा वहीत लिहितो. नऊ वर्षं एकच आकडा आहे. वाचायला कंटाळवाणी वही आहे, पण पुलाच्या बाबतीत कंटाळवाणं असणंच चांगलं. या एक तारखेला मात्र खोकल्याने झोपून होतो, ते राहिलं.

इकडे ठीक. मागचं दार लागत नाही, दोनदा रंधा मारला. काकूच्या परसातला भाजीपाला यंदा पाणी न घालता वाढलाय. ती म्हणते, तिचा हात लागला म्हणून. डोंगरावर पाण्याची नवी टाकी झाली तेव्हापासून नळालाही जोर आहे.

काका


२० फेब्रुवारी

प्रिय काका,

कसं लिहावं ते सुचत नाही, म्हणून सरळच लिहिते. पूल हललाय. चार सेंटिमीटर.

तुम्ही म्हणालात ते खरं आहे. फोटोत चार हजारांवर ठिपके येतात, त्यातले पुलावरचे जेमतेम चाळीस. बाकीचे सगळे मागच्या उतारावर, तुमच्या आळीवर. खिडक्या, कौलं, पायऱ्या, वाळत घातलेले कपडेसुद्धा, म्हणजे कपड्यांचे मग गाळून टाकतो. पण पुलावरचे चाळीसच्या चाळीस एका सुरात तेच सांगतात. बाकी सगळं जागच्या जागी आणि पूल तेवढा हललेला.

मला हे खरं वाटत नाही आणि खोटंही ठरवता येत नाही. सकाळचे फोटो वेगळे घेतले, दुपारचे वेगळे. गच्चीवर माणूस पाठवून काच पुसून घेतली. आकडा दर खेपेला तोच. एकदाच चुकला असता तर बरं वाटलं असतं.

काका, एक तारखेची वाट न बघता तुम्ही एकदा यंत्र लावाल का? आणि हे कोणाजवळ बोलू नका. अजून काहीच नक्की नाही.

भिंगरी


२४ फेब्रुवारी

भिंगरीस,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी यंत्र लावलं. पूल जिथे होता तिथेच आहे.

एकदा नाही, पाच वेळा बघितलं. पाचव्यांदा कशाला बघितलं ते विचारू नकोस, तेवढ्यात काकूने चहा आणला आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, म्हणून. तो पूल मी पायापासून बघितलाय. त्याच्या मधल्या खांबासाठी आम्ही खडक लागेपर्यंत खणलं होतं आणि तेव्हा मी तुझ्याएवढा होतो. खडक हलत नाही. चार सेंटिमीटर म्हणजे दोन बोटं होतात. दोन बोटं पूल हलला तर कठड्याच्या सांध्यात चीर दिसते. मी काठी टेकत टेकत जाऊन सांधे बघून आलो. चीर नाही.

तुझ्या मशीनला म्हणावं, नीट बघ.

एक विचारतो. तुमच्याकडे एखादा आकडा असा आला की जो असूच शकत नाही, तर तुम्ही काय करता? नुसतं कुतूहल म्हणून विचारतोय. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरवलंय. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

काका


६ मार्च

प्रिय काका,

आज सकाळी तुमच्याकडे पूल बंद झाला. दोन्ही तोंडांना पिंपं आणि दोर लावलेत, कागदही चिकटवला असेल. त्या कागदावर "पुलाचा मधला भाग चार सेंटिमीटर खचला आहे" असं असेल. ज्या अहवालावरून ते लिहिलंय, त्याच्यावर सही माझी आहे.

तुम्ही मोजलेलं मी बाईंना दाखवलं नाही. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांचं लिहिलं होतंत. मला वाटलं, उगाच तुमचा आकडा पुढे करायचा, आणि कोणी म्हणायचं, निवृत्त माणूस आहे, वय झालंय, पुलावर जीव आहे. ते मला ऐकवलं नसतं. म्हणून ठेवून दिलं. रागवायचं तर रागवा.

अशक्य आकडा आला तर काय करता, असं तुम्ही विचारलंत. इथे त्याला उत्तर आहे, पण ते चांगलं नाही. कधीतरी सांगेन.

तासातासाला फोटो येतायत. रिकामा पूल बघवत नाही. मघाच्या फोटोत एक कुत्रा मध्यावर थांबलेला होता, पुढच्या फोटोत तो परत आल्या टोकाशी. त्यालाही कोणी सांगितलं की काय, असं मनात आलं.

भिंगरी


९ मार्च

भिंगरीस,

रागावलो नाही. रागावायला आधी समजायला लागतं, आणि मला काही सुधरेनासं झालंय.

पूल बंद आहे. मुलं शाळेला खालच्या रस्त्याने बसने वळसा घालून जातात. ज्या शाळेची घंटा इथे ऐकू येते, तिथे पोचायला पाऊण तास. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंच्या दुकानावर तो कागद लावलाय, आणि त्या मला बघितलं की मशीन जोरात चालवतात. गवंडी तोंडावर म्हणाला, "काका, चौतीस वर्षं तुम्ही दर वर्षी ठीक आहे म्हणून सही केलीत ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. खात्याने माझ्या जुन्या नोंदवह्या मागवल्यात.

डोळे तपासून आलो. नंबर तोच आहे, दृष्टी वयाच्या मानाने उत्तम. म्हणजे डोळ्यांवर ढकलायची सोय गेली. घरी येताना मी आपली आळी सोडून वरच्या वळणापर्यंत चालत गेलो आणि मग लक्षात आलं. काकूला सांगितलं नाही. तिथे रस्त्यावर डांबर ओतून एक लांब भेग बुजवलीय, ती बघायला गेलो होतो, अशी मनाची समजूत घातली.

एक गोष्ट मात्र खटकते. तुझ्या पत्रात पूल "हलला" होता. कागदावर तो "खचला" झालाय. तू लहानपणापासून शब्द नेमका वापरतेस. हललाचं खचला कोणी केलं? आणि ते ठिपक्यांचं चित्र मला पाठव. छापून, मोठं. स्क्रीनवर मला नको.

काका


१३ मार्च

प्रिय काका,

तुमच्या पत्रातल्या त्या एका ओळीने मला दोन दिवस काही सुचू दिलं नाही.

हललाचं खचला मी केलं.

आमच्या प्रोग्रामने दिलेला आकडा खाली नव्हता, वर होता. पूल चार सेंटिमीटर वर आलाय, असं तो सांगत होता. मी बाईंना दाखवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पूल वर येतो का कधी? चिन्ह उलटं पडलंय कुठेतरी. शोध आणि नीट कर." मी शोधलं. दोन दिवस एकेक ओळ वाचली. चूक सापडली नाही. तिसऱ्या दिवशी अहवाल द्यायचा होता. मग सगळ्यात शेवटी मी उणे चिन्ह घातलं आणि पूल खाली गेला. कोणाला काही वावगं वाटलं नाही. खचलेला पूल सगळ्यांना समजतो.

अशक्य आकड्याचं आम्ही हे करतो, काका. शक्य वाटेल असा करून टाकतो.

आता मला काहीच कळत नाही. पूल खचलेला नाही, असं म्हणू? मग वर आला म्हणू? वर येऊच शकत नाही, तर मग हललाच नाही म्हणू? पण ठिपके तर हललेत. या तिन्हींपैकी एकावरही मला आज सही करता येणार नाही, आणि एकावर मी केलेली आहे.

चित्र पाठवतेय, दोन कागद जोडून. हिरवे ठिपके म्हणजे स्थिर, लाल म्हणजे हललेले.

भिंगरी


१६ मार्च, सकाळ

भिंगरीस,

तुझं पाकीट आत्ताच आलं. चित्र ओट्यावर पसरून भिंगाने बघितलं. घाईत लिहितोय.

आधी माझं. मी तुझ्याशी खोटं बोललो. फेब्रुवारीत यंत्र लावलं तेव्हा आकडा नऊ वर्षांचा नव्हता. तो चार सेंटिमीटरने बदलला होता. पूल वर. पाच वेळा तेच आलं. मला वाटलं, मी वाचायला चुकतोय. मग वाटलं, डोळे गेले. डॉक्टरांनी डोळे चांगले सांगितल्यावर वाटलं, डोकं गेलं. तुला काय लिहिणार होतो? वहीत मी जुनाच आकडा लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा.

तू खाली केलंस, मी होता तसा ठेवला. दोघांना एकच आकडा आला होता आणि दोघांनी तो लपवला.

आता तुझं चित्र बघ. हिरवे ठिपके कुठे आहेत? आमच्या खिडक्यांवर, आमच्या कौलांवर, शिंपीणबाईंच्या पायऱ्यांवर. तुझा प्रोग्राम जास्त ठिपके जिथे, ते स्थिर मानतो. जास्त ठिपके आमच्या आळीवर. माझी खूण माझ्या जोत्यावर, जोतं घराखाली, घर त्याच आळीत. तू आणि मी एकाच होडीत बसून काठ सरकला म्हणत होतो.

पूल वर आला नाही. आम्ही खाली गेलो.

मागचं दार लागत नाही. परसात पाणी न घालता ओल आहे. वरच्या रस्त्याची भेग. टाकी गळत असणार आणि सगळा उतार ते पाणी पितोय. एवढं डोळ्यांसमोर होतं आणि मी दाराला रंधा मारत बसलो.

पत्र पेटीत टाकून वर जाऊन येतो. तुझा नंबर काकूकडे आहे, तिला लावायला सांगतो.

काका


२२ मार्च

प्रिय काका,

तुम्हाला पत्र कुठे पाठवायचं हे काकूला फोनवर विचारावं लागलं. शाळा, पहिला मजला, सातवीचा वर्ग, असं तिने सांगितलं. तेच पाकिटावर घातलंय.

तुमचं सोळा तारखेचं पत्र मला अठराला मिळालं. तोवर सगळं होऊन गेलं होतं. सोळाला दुपारी काकूचे तीन फोन आले होते. मी बैठकीत होते, फोन पिशवीत. संध्याकाळी मी लावला तेव्हा तिच्या मागे इतका गलका होता की मला एवढंच कळलं: उतार खाली आला, घर गेलं, आम्ही सगळे पलीकडे आहोत. "सगळे म्हणजे कोण?" मी विचारलं. ती म्हणाली, "सगळे म्हणजे सगळे गं, आळी." मग फोन तुटला.

सतराला मी हिशोब उलटा केला. पुलावरचे चाळीस ठिपके स्थिर धरले आणि बाकीचे मोकळे सोडले. काका, आळी जानेवारीपासून उतरत होती. आधी आठवड्याला सहा-सात मिलिमीटर, मार्चमध्ये दिवसाला तेवढंच. माझ्याकडे होतं ते. तासातासाचे फोटो होते. एक ओळ बदलायची होती, आणि मी नेमकी दुसरीच बदलली.

एकोणीसला मी बाईंसमोर आणि खात्याच्या माणसांसमोर उभी राहिले आणि सांगितलं की ते चिन्ह मी घातलं. बाई म्हणाल्या, "मीच सांगितलं होतं." मी म्हटलं, "तुम्ही चूक शोधायला सांगितली होतीत. न सापडता मी ती सापडल्यासारखी केली." चौकशी होईपर्यंत माझ्याकडचे पूल काढून घेतलेत. सध्या बसून जुने फोटो नावं घालून लावते. ते बरोबरच आहे. जड जातंय, पण बरोबर आहे.

एका गोष्टीचा मला उलगडा होत नाही. काकू सांगते की खालच्या रस्त्यावर दुपारीच दगड आले होते, बस माघारी गेली होती. वर भेग. म्हणजे बाहेर पडायला पूल तेवढा उरला होता. आणि पुलावर तर माझा कागद होता. लोक त्याच्यावर गेले कसे? काकूला विचारलं, तर म्हणते, "ते तुझ्या काकांना विचार."

भिंगरी


२८ मार्च

भिंगरीस,

सातवीच्या वर्गातून लिहितोय. बाकं आखूड आहेत, गुडघे कुठे ठेवायचे हा मोठाच प्रश्न आहे. काकूने फळ्याला दोरी बांधून कपडे वाळत घातलेत. आम्हाला दोन खोल्या मिळणार असं म्हणतात, कुठे ते अजून कोणाला माहीत नाही.

विचारलंस म्हणून सांगतो, आणि सगळं सांगतो. एक खोटं तुझ्या नावावर आहे, ते तुला कळलं पाहिजे.

पत्र टाकून वर गेलो. डांबर फाटलं होतं. भेगेत माझा पंजा जाईल एवढी जागा होती आणि आत पाण्याचा आवाज येत होता. खाली येऊन खात्यात फोन करवला. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात इंजिनिअर येतील. तोवर बारा वाजले होते आणि खालच्या रस्त्यावर पहिले दगड आले.

मी आणि काकू, एकतीस घरं वाटून घेतली. ती डावीकडची, मी उजवीकडची. बाहेर पडा म्हटल्यावर लोक पडले, कारण तोपर्यंत भिंतींना चिरा दिसायला लागल्या होत्या. माणसं, पोरं, गाठोडी, म्हातारे खुर्चीत बसवून, असे सगळे आळीच्या तोंडाशी आले. आणि तिथे थांबले. समोर दोर, पिंपं आणि तुझा कागद.

शिंपीणबाई म्हणाल्या, "काका, इथे राहिलो तर डोंगर आणि तिथे गेलो तर नदी. सांगा कुठे मरायचं."

मी म्हटलं, "पूल चांगला आहे."

गवंडी म्हणाला, "तुम्ही चौतीस वर्षं तेच म्हणताय. तिथे लिहिलंय खचलाय म्हणून. खाली तुमच्याच पुतणीचं नाव आहे."

त्यांचं काही चुकत नव्हतं. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर मीही त्या कागदावरच विश्वास ठेवला असता. तेव्हा मी म्हटलं, "तिचाच फोन आला होता आत्ता. आकडा चुकला म्हणाली. पूल ठाम आहे, सगळ्यांना पलीकडे न्या म्हणाली."

तू काही म्हणाली नव्हतीस. तू बैठकीत होतीस. आणि गेली चार वर्षं मला फोनवर धड ऐकू येत नाही, हे आळीतल्या पोराटोरांनाही माहीत आहे. पण कोणी काही विचारलं नाही. मला अजून कळत नाही की त्यांनी माझं खरं मानलं, का तुझं नाव ऐकून धीर आला, का त्यांना नुसतं कोणीतरी जा म्हणायला हवं होतं. यावर मी बराच विचार केलाय आणि सोडून दिलाय.

दोर मी सोडला. गाठी खात्याच्या माणसांनी मारलेल्या होत्या, वाईट. मग मी आधी एकटा चालत मध्यापर्यंत गेलो आणि मधल्या खांबावर उभा राहिलो, म्हणजे सगळ्यांना दिसावं.

आता हे फक्त तुला लिहितो. चालत जाताना मला वाटलं होतं की मला खात्री आहे. मधे पोचलो आणि ती गेली. खाली पाणी, समोर आळी, आणि मी मनातल्या मनात आकडे पुन्हा मांडायला लागलो. आम्ही खाली गेलो, हे मी सकाळी एका चित्रावरून ठरवलं होतं. महिनाभर मला वाटत होतं की माझं डोकं गेलंय. गेलेल्या डोक्याचा माणूससुद्धा अगदी असाच, अशाच खात्रीने पुलावर जाऊन उभा राहिला असता. आळी सरकली, ठीक. पण म्हणून पूल हललाच नाही असं कुठे आहे? दोन्ही हलले असतील तर? पायाखाली हातोडी मारून बघावंसं वाटलं, आणि हातोडी घरी राहिली होती.

तेवढ्यात काकू आली. सगळ्यांच्या आधी, एकटी, हातात नोंदवह्यांची पिशवी. घरातून तिने तेवढंच आणलं होतं. मी तिला दागिने आण म्हटलं होतं.

माझ्या शेजारी उभी राहिली. मागे लोक बघत होते. तिने हळूच विचारलं, "नक्की ना?"

मी म्हटलं, "नाही."

तिने पिशवी खाली ठेवली, पदर खोचला, आणि आळीकडे तोंड करून दोन्ही हातांनी सगळ्यांना या म्हणून खूण केली.

काका